झुंबरबाईला तोंड फुटलं

निंबखेड्याच्या डॉक्टर पितांबर भंगाळेचं सगळं वैद्यकशास्त्र दोन शब्दांत बसायचं. पहिला शब्द ‘वळा’ आणि दुसरा ‘सोसा’. वळलं की ढुंगणावर सुई बसायची, आणि सुईनं भागलं नाही तर मग सोसायचं. ताप असो, कंबर असो, बैलानं मारलेलं असो की बायकोनं, क्रम तोच. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी रेल्वेगाडी निंबखेड्याला थांबली की उतरणाऱ्यांतली निम्मी माणसं त्याच्याकडे येत, आणि परतीच्या गाडीत एका कुल्ल्यावर तोलून बसलेली दिसत.

गावात आयुर्वेदाचे दोन, होमिओपॅथीचा एक आणि नुसत्या हिमतीवर चालणारा एक असे आणखी डॉक्टर होते. एमबीबीएस पितांबर एकटाच. त्याचा हात हलका होता, निदान बहुतेक बरोबर निघायचं, आणि माणूस म्हणूनही तो वाईट नव्हता. फक्त दुखणं ही गोष्ट त्याला रोगामागून येणाऱ्या वऱ्हाडासारखी वाटायची. नवरदेवाकडे लक्ष द्यावं, वऱ्हाडानं मांडवात गप बसावं.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात भडगावच्या चुडामणचा फोन आला. चुडामण त्याचा कॉलेजातला दोस्त. त्याचाही दवाखाना होता आणि त्याचेही शब्द दोनच होते.

“धुळ्याला ट्रेनिंग आहे,” चुडामण म्हणाला. “दुखणं कमी करायचं.”

“कोणाचं?”

“पेशंटचं.”

“ते आपण करतोच की.”

“आपण ते करत नाही, असं तिथल्या बाईचं म्हणणं आहे. छोट्या दवाखान्यांतसुद्धा ही सोय सुरू झाली पाहिजे म्हणे. तू चल. जेवणात शेवभाजी आहे आणि जाताना औषध कंपनीकडून बॅग मिळणार आहे.”

पितांबर गेला तो शेवभाजीसाठी आणि बॅगेसाठी. हे त्यानं कधी लपवलं नाही.

धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या बाजूला एका ट्रस्टचा दवाखाना होता. त्याच्या वरच्या हॉलमध्ये जळगाव-धुळ्याकडचे वीसेक डॉक्टर पंख्याखालची जागा धरण्यावरून एकमेकांना कोपरं मारत बसले होते. शिकवणारी बाई म्हणजे डॉक्टर मंदाकिनी वाणी. बुटकी, जाड चष्म्याची, भूल देण्यात उभा जन्म घालवलेली. पहिल्याच तासाला जामनेरचे एक ज्येष्ठ डॉक्टर मान टाकून घोरायला लागले, तेव्हा बाई त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, “उठा, मी अजून सुई दिलेली नाही.”

बाईचं म्हणणं सरळ होतं. कॅन्सरचा रोगी मुंबईहून परत पाठवला की तो आपल्या गावी येतो, आणि गावी त्याला कोणी विचारत नाही. त्याचा कॅन्सर बरा होणार नाही हे खरं. पण त्यानं ओरडत मरावं असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? साध्या गोळ्यांपासून सुरुवात करा, भागलं नाही तर पुढच्या, त्यानंही भागलं नाही तर तोंडानं मॉर्फिन. मॉर्फिनचा परवाना ट्रस्टनं सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून मिळवला होता. पहिल्यांदा रोग्याला बाई स्वतः तपासणार, आणि मग त्या त्या गावच्या डॉक्टरनं धुळ्याहून गोळ्या नेऊन त्याला घरी सांभाळायचं.

“अफूच की ती,” मागून कोणी तरी म्हणालं. “व्यसन लागेल.”

“लागू दे,” बाई म्हणाली. “अंथरुणावरून उठता न येणारी म्हातारी व्यसन लागल्यावर काय करेल? बँकेवर दरोडा घालेल?”

मग तिनं फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. पहिलं: दुखणं रोगी सांगेल तेवढं असतं, डॉक्टरला वाटेल तेवढं नसतं. दुसरं: ज्या हातानं मॉर्फिन लिहाल त्याच हातानं जुलाबाचं औषध लिहा, नाहीतर पोट अडकून रोगी कॅन्सरला विसरेल आणि तुम्हाला शिव्या घालेल. दुसरं वाक्य सगळ्यांनी उतरवून घेतलं. पहिलं कोणी उतरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईनं नाटक करायला लावलं. एकानं रोगी व्हायचं, दुसऱ्यानं डॉक्टर, आणि डॉक्टरनं दुखण्याची नीट चौकशी करायची. कुठं दुखतं, कसं दुखतं, एक ते दहामध्ये किती दुखतं. पितांबरच्या वाट्याला पोटात गाठ असलेला शेतकरी आला आणि चुडामण झाला डॉक्टर. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पितांबरनं एकदा दारुड्याचं काम केलं होतं, त्यामुळे त्याचा आत्मविश्वास दांडगा. तो कमरेत वाकून, बोडक्या डोक्यावर पागोटं असल्यासारखा हात ठेवून आला. हॉल हसला.

खुर्चीत बसता बसता त्याच्या डाव्या बरगडीखाली काही तरी हललं. आधी त्याला वाटलं, शेवभाजी असेल. मग ते खाली सरकलं, आणि कोणी तरी आतून खुरपं फिरवत जांघेकडे निघाल्यासारखं झालं. पितांबर खुर्चीवरून घसरला आणि फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन लोळायला लागला.

हॉलनं टाळ्या वाजवल्या.

“कुठं दुखतं, आबा?” चुडामणनं कागदात बघून विचारलं.

“चुडामण, खरंच दुखतंय.”

“ते मी मानतो. रोग्यावर विश्वास ठेवायचाच असतो. दुखणं ठसठसतं, टोचतं की जळजळतं?”

पितांबरनं त्याला त्याच्या आईवरून एक शब्द दिला. चुडामण खूश झाला. मागे वळून म्हणाला, “रोगी चिडचिडा आहे.” मग पुन्हा खाली वाकला. “एक ते दहामध्ये किती, आबा?”

पितांबरला घाम फुटला, आणि त्यानं चुडामणच्या बुटावर ओकारी केली. तेव्हा कुठे बाई पुढे आली. तिनं त्याच्या कमरेवर एकच टिचकी मारली, तो किंचाळला, आणि ती म्हणाली, “मूतखडा. नाटक बंद करा.”

त्याला खालच्या खोलीत नेलं. तिथं बाईनं सुई भरली आणि म्हणाली, “वळा.”

हजारो माणसांना दिलेली सुई पितांबरनं त्या दिवशी पहिल्यांदा घेतली. तिचा असर व्हायला जो वेळ लागला, त्या वेळात त्याला एक एक चेहरा आठवत गेला. मूतखड्यानं लोळणारा लोंढ्रीचा एक सुतार होता, त्याला तो म्हणाला होता, “खडाच आहे, कोणी मरत नाही, सोसा.” मरत नाही हे खरं होतं. पण मेलो तर बरं, असं वाटतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आणि तोवर तो पुढच्या रोग्याला वळा म्हणत असेल.

बाई बाजूला स्टुलावर बसून राहिली. ती बसली आहे, एवढ्यानंच त्याला जरा बरं वाटत होतं, आणि त्याचाही त्याला राग आला.

खडा पडला तो ट्रेनिंग संपवून परत निघताना, धुळ्याच्या बसस्टँडवरच्या मुतारीत. बारीक टण्ण आवाज आला. शेजारी उभ्या असलेल्या माणसानं वाकून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, “भाऊ, काही पडलं का?”

“पडलं,” पितांबर म्हणाला. “पडू दे.”

गावी आल्यावर त्यानं दवाखान्याबाहेर नवी पाटी लावली: ‘येथे दुखण्यावर इलाज केला जाईल. दर बुधवारी.’ पाटी वाचायला पहिल्याच सकाळी कौतिकआबा आले. आबांना वाचता यायचं, आणि ते लोकांना त्याची शिक्षा द्यायचे. त्यांनी पाटी दोनदा मोठ्यानं वाचली आणि विचारलं, “डाक्टर, मंग इतला दिन आठे काय चाली ऱ्हायंतं?”

पितांबर आत जाऊन सुया उकळायला लागला.

पहिल्या बुधवारी अख्खं गाव लोटलं. कोणाचे गुडघे, कोणाची मान, एकाची सासुरवाडी. धुळ्याहून अफूची गोळी आणली आहे अशी आवई उठल्यामुळे ज्यांना कुठंच दुखत नव्हतं तेही दोघं-तिघं लंगडत आले. त्यातला एक येताना डाव्या पायानं लंगडत होता आणि जाताना उजव्या. पितांबरनं प्रत्येकाला समोर बसवून विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतं. माणसं त्याच्याकडे संशयानं बघायची. डॉक्टरला कळत नाही म्हणून आपल्याला विचारतोय, असा त्यांचा समज झाला. संध्याकाळपर्यंत त्याला कळून चुकलं की ज्याच्यासाठी आपण ट्रेनिंग घेतलं, ते माणूस दवाखान्यात येणारच नाही. आपल्यालाच त्याच्याकडे जायला लागणार.

ते माणूस म्हणजे झुंबरबाई.

झुंबरबाई पाटलीण खालच्या गल्लीत राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मुलगा लोटन, सून मंजुळाबाई आणि नातवंडं. शेती बरी होती, पण झुंबरबाईची खरी इस्टेट म्हणजे तिचं तोंड. तिच्या शिव्यांना वळण होतं, लय होती. ज्याला द्यायची त्याच्या चार पिढ्या तिला तोंडपाठ असल्यामुळे प्रत्येकाला शिवी मापाची मिळे. छोटी गाडी तिच्या गल्लीमागून जायची. एकदा ड्रायव्हरनं विनाकारण शिट्टी वाजवली म्हणून तिनं परसात उभं राहून त्याला धरलं. गाडी इतकी सावकाश जायची की ड्रायव्हरपासून गार्डापर्यंत सगळ्यांना आपापला वाटा पूर्ण ऐकू आला. त्यानंतर तिथं शिट्टी वाजत नसे.

हिवाळ्यात तिला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. धुळ्याला दाखवलं, मुंबईला नेलं, किरणांचा शेक दिला, आणि उन्हाळा लागता लागता ‘आता घरी ठेवा’ म्हणून परत पाठवलं. परत आली ती गप्पच. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शिवी नाही, हाक नाही, मंजुळाबाईच्या भाजीला नाव ठेवणं नाही. आठवडाभर गल्लीला करमलं नाही, मग गल्लीनं अर्थ लावला: म्हातारीला उपरती झाली. अंतकाळी देव दिसायला लागला की माणूस असं शांत होतं. भजनी मंडळ संध्याकाळी तिच्या उशाशी बसायला लागलं. लोक पाया पडून जात. लोटन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “माय आते देवमाणूस व्हई गयी.”

पितांबर धुळ्याला जायच्या आधी तिच्याकडे दोनदा गेला होता. सुई दिली होती आणि ‘सोसा’ म्हणाला होता. झुंबरबाईनं त्याला एकही शिवी दिली नव्हती, आणि तेव्हा त्याला वाटलं होतं, चला, एवढं तरी बरं झालं.

आता तो तिच्या खाटेजवळ पाट ओढून बसला. लोटन दारात, मंजुळाबाई चुलीपाशी.

“झुंबरअक्का, दुखतं का?”

झुंबरबाई भिंतीकडेच बघत राहिली.

“एक ते दहामध्ये किती?”

काही नाही. लोटन म्हणाला, “तिले आते कशानं काही नही वाटत, डाक्टरसाहेब. तिनं ध्यान वरे देवकडे शे.”

पितांबरला आपलीच फरशीवरची लोळण आठवली आणि कानाशी चुडामणचा आवाज. दहा, म्हणे. त्यानं जरा विचार केला आणि पुन्हा विचारलं, “अक्का, रुपयात सांगा. किती आणे दुखतं?”

मग झुंबरबाईनं ओठ हलवले. आवाज इतका बारीक की पितांबरला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

“सोळा,” ती म्हणाली. थांबली. मग म्हणाली, “बोलनं की कंबरमा कुऱ्हाड लागस.”

ती गप्प का होती हे पितांबरला तेव्हा कळलं, आणि दारात उभ्या असलेल्या लोटनलाही. तो चौकटीला धरून खाली बसला. जिच्या पाया लोक पडत होते, ती देवाशी बोलत नव्हती. ती फक्त हलू नये म्हणून पडून होती.

त्याच आठवड्यात वाणीबाई धुळ्याहून भडगावमार्गे पाचोऱ्याला एसटीनं आणि पुढे छोट्या गाडीनं आली. उतरल्या उतरल्या म्हणाली, “भंगाळे, ही गाडी चालते की गावकरी ढकलतात?” तिनं झुंबरबाईला तपासलं, गोळ्या सुरू केल्या आणि मंजुळाबाईला समजावून सांगितलं: दर चार तासांनी एक, दुखायची वाट पाहायची नाही, दुखायच्या आधी द्यायची. आणि जुलाबाचं औषध विसरायचं नाही. मंजुळाबाईनं मान डोलावली. सासूचं सगळं तीच करायची. धुणं, पुसणं, कूस बदलणं. तीस वर्षं ती त्या घरात होती आणि तिचा आवाज कसा आहे हे गल्लीला नीट माहीत नव्हतं.

दोन दिवस झुंबरबाई झोपली. लोटन घाबरून दवाखान्यात आला. पितांबर म्हणाला, “किती महिन्यांची झोप राहिली असेल तिची, झोपू दे.” तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भजनी मंडळ नेहमीसारखं जमलं. टाळ वाजायला लागले. झुंबरबाईनं डोळे उघडले, कूस बदलली, स्वतःची स्वतः बदलली, आणि सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

“मी मरी ऱ्हायनी,” ती म्हणाली, “आनि तुम्ही मना डोकावर टाळ कुटी ऱ्हायनात? उठा बठ्ठा, मुडद्यासवन.”

आणि मग टाळ धरणाऱ्या प्रत्येकाला त्याचा त्याचा वाटा मिळाला. मृदंगवाल्याला आज्यापासून सुरुवात झाली. मंडळ चपला शोधत पळालं. गल्लीच्या तोंडाशी कौतिकआबा उभे होते, ते समाधानानं म्हणाले, “आते बरी शे ती.”

पुढचे दिवस खालच्या गल्लीत कोणी कंटाळलं नाही. झुंबरबाईची खाट ओट्यावर आली. महिनाभर साठलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. जुलाबाचा विषय तर तिनं सार्वजनिकच करून टाकला. सकाळी झालं की नाही, झालं तर कसं, हे ती समोरून जाणाऱ्या शिक्षकापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ओरडून सांगायची आणि पितांबर दिसला की, “ए डाक्टर, आज बी अडकेल शे, तुना धुळानी बाईले सांग,” असा निरोप द्यायची. पितांबर मान खाली घालून औषध वाढवायचा. दुखणं आता तीन-चार आण्यांवर आलं होतं. कूस बदलताना सहा.

आणि मग एक दिवस लोटन दवाखान्यात येऊन बसला. बाकीचे रोगी जाईपर्यंत बसूनच राहिला.

“डाक्टरसाहेब, गोळी थोडी कमी कराले जमी का?”

“का? फार झोपते का?”

“झोपत नही ना,” लोटन म्हणाला. “तेच तं.” मग खाली बघत म्हणाला, “मना साडूदेखत तिनी माले काय म्हनं, ते मी तुमले सांगू शकत नही. मानसं पाया पडी ऱ्हायंतात हो तिना. घरमा किती शांत व्हतं.”

पितांबरला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण लोटन वाईट मुलगा नव्हता. त्यानं आईच्या मुंबईच्या खेपांत कामाची, झोपेची पर्वा केली नव्हती. त्याला फक्त आईचं चांगलं नाव हवं होतं, आणि ते थोड्या दिवसांसाठी हाताला लागून पुन्हा निसटलं होतं.

“लोटनभाऊ,” पितांबर म्हणाला, “गोळी कमी केली तर आई गप्प होईल. कशानं गप्प होईल हे तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत शे.”

“मग सांगा. करू कमी?”

लोटन उठला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “नका करू. पन तिले सांगा, साडूले तरी सोडी दे.”

पितांबरनं ते झुंबरबाईला सांगितलं. तिनं पितांबरलाच सोडलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मंजुळाबाई आली. एकटीच, सकाळी, दवाखाना उघडायच्या आत. डोक्यावरचा पदर घट्ट धरून उभी राहिली. पितांबरला वाटलं, गोळ्या संपल्या असतील.

“काल दुपारनी गोळी मी दिधी नही,” ती म्हणाली.

“विसरलात?”

“नही.” ती म्हणाली. “सकायपासून ती मना मायवर बोली ऱ्हायंती. मनी माय जाईसन बारा वरीस व्हई गयात. मी म्हनं, आज दुपारनी गोळी नको. एकच. दोन घडी माले गप बसाले भेटी.”

पितांबरच्या तोंडात रागाचे शब्द आले होते. वाणीबाईचं वाक्यसुद्धा आलं होतं, दुखायच्या आधी द्यायची. पण मंजुळाबाई अजून उभीच होती, म्हणून त्यानं तिच्यासमोर स्टूल सरकवलं. ती बसली.

काल गोळीची वेळ टळली, तशी झुंबरबाईची बडबड मंदावत गेली होती. मग थांबली. मंजुळाबाई दाणे निवडत बसली होती. घर शांत झालं. तिला वाटलं होतं, आता बरं वाटेल. तिनं वर पाहिलं तर सासू पदराचा बोळा दातांत धरून तिच्याकडेच बघत होती. बघत होती आणि काही म्हणत नव्हती. गोळी दे म्हणाली नाही, शिवी दिली नाही. तिला कळलं होतं. गोळ्यांचा डबा तर दोघींच्या मधे फळीवर दिसतच होता.

“ती बोलनी ऱ्हाती तं बरं व्हतं,” मंजुळाबाई म्हणाली. “मी उठनू, गोळी दिधी, पानी पाजं. हात धरीसन बसनू. तीस वरीसमा तिना हात मी कधी धरा नव्हता.”

“मग?”

“मंग गोळी लागू पडनी. डोळा उघडात. आनि माले म्हने, दुपारनी गोळी तूच गिळी गयी का व, भवाने?”

“तुम्ही काय म्हणालात?”

मंजुळाबाईनं पदर तोंडावर ओढला. आधी पितांबरला वाटलं, ती रडते आहे. पण तिचे खांदे वेगळेच हलत होते.

“मी म्हनं, मी गिळी ऱ्हाती तं बरं व्हतं, तुना आवाज तरी ऐकू उना नसता. आनि मंग...” तिनं मग पुढे जे सांगितलं ते तिनं सासूच्या माहेरावरून म्हटलं होतं, दोन गावं, एक मामा आणि एक रेडा त्यात येत होते. पितांबर खुर्चीत मागे झाला. गेल्या तीस वर्षांत तिनं एकही शिवी वाया जाऊ दिली नव्हती. सगळ्या ऐकून, निवडून, डब्यात भरून ठेवल्यासारख्या होत्या.

“आणि अक्का?”

“हसनी. पोट धरीसन हसनी. म्हने, आते कशी मनी सून दिसस.” मंजुळाबाईनं डोळे पुसले. “डाक्टर, एक दुपार तिले मी तसंच ठेवं. ते पाप व्हई का?”

“पाप माझ्या खात्यात येत नाही,” पितांबर म्हणाला. “दुखणं येतं. तुमचं किती आणे होतं?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला कोणी विचारलेला नसावा. ती सांगायला लागली. बाहेर रोगी जमले, कोणी तरी दार वाजवलं, पितांबरनं ते उघडलं नाही. तिच्या त्या दुखण्यावर त्याच्याजवळ ना सुई होती ना गोळी, आणि तसं त्यानं तिला सांगितलंही. ती म्हणाली, माहीत शे, आणि बोलत राहिली.

त्या दिवसापासून खालच्या गल्लीत दोन आवाज ऐकू यायला लागले. सासू ओट्यावरून, सून चुलीजवळून. गोळी चुकली नाही. दुपारची गोळी दिली की मंजुळाबाई खाटेला टेकून बसायची आणि सामना सुरू व्हायचा. बायका धान्य निवडायला आपली सुपं घेऊन त्याच ओट्याच्या आसपास बसायला लागल्या. नवीन लग्न झालेल्या मुलींना त्यांच्या सासवा तिकडे जाऊ देत नसत. लोटननं सुरुवातीला दोघींना हात जोडले, मग शेतातच जास्त वेळ काढायला लागला, आणि एकदा पितांबरला रस्त्यात थांबवून काहीशा अभिमानानं म्हणाला, “मंजुळा काल जिकनी.”

वाणीबाई दुसऱ्यांदा आली तेव्हा झुंबरबाई बरीच वाळली होती. गोळ्या वाढवल्या. बाईनं तिचा हात हातात घेऊन विचारलं, “अजून काही त्रास?” झुंबरबाई म्हणाली, “तू. इतली शिकनी आनि चष्मा पुसता येत नही.” बाईनं चष्मा काढून पुसला. परतीच्या गाडीची वाट पाहताना ती पितांबरला म्हणाली, “दिवाळी पाहील असं वाटत नाही.” पितांबर म्हणाला, “कळलंय तिला. मला काल म्हणाली, मेल्यावर भजनी मंडळाला बोलवायचं नाही, त्यातले दोघं बेसूर आहेत.”

पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. दुपारी मंजुळाबाईनं गोळी दिली, भरीत-भाकरीचा एक घास कुस्करून भरवला. झुंबरबाईनं तो चघळला आणि म्हणाली, “मीठ कोनी खादं?” मंजुळाबाई मीठ आणायला उठली. परत आली तेव्हा झुंबरबाईची मान उशीवर कलली होती. चेहरा सैल होता, हात सैल होते, पदर तोंडात नव्हता. मंजुळाबाई मिठाची वाटी घेऊन तिथंच बसली. लोटन शेतातून येईपर्यंत तिनं कोणाला हाक मारली नाही.

भजनी मंडळ आलंच. मंजुळाबाईनं त्यांतल्या दोघांना बाजूला काढलं आणि बाकीच्यांना गाऊ दिलं.

पितांबर अंत्ययात्रेला गेला. लोकांनी त्याला पुढे जागा दिली, जरा जपूनच. या माणसानं म्हातारीला देवपणातून खाली आणलं होतं, हे कोणी विसरलं नव्हतं. पण त्याच आठवड्यात त्याच्याकडे नवी माणसं यायला लागली. शेंदुर्णीकडचा एक तोंडाचा कॅन्सरवाला बैलगाडीत निजून आला. पहूरहून एका शिक्षकानं आपल्या वडिलांसाठी निरोप धाडला. चुडामणनं भडगावला पाटी लावली आणि फोनवर विचारलं, “तू आण्यांत विचारतोस म्हणे? आमच्याकडची पोरं आणे म्हणजे काय विचारतात.” पितांबर म्हणाला, “मग त्यांना क्रिकेटमध्ये विचार.”

तेरावं झाल्यावरच्या बुधवारी दवाखाना भरलेला असताना मंजुळाबाई आली. तिच्याबरोबर वरच्या गल्लीतली भिकुबाई होती, एका हातानं भिंत धरत, दुसरा हात मंजुळाबाईच्या खांद्यावर. मंजुळाबाईनं बाकावरच्या दोन धडधाकट गड्यांना उठवलं. कसं उठवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. भिकुबाईला तिथं आडवं केलं आणि ती थेट आत पितांबरसमोर येऊन उभी राहिली.

“डाक्टर, हिना घरना म्हनतस, भिकुबाई आठ दिनपासून फार समजदारीनी वागी ऱ्हायनी. कोनाले काही बोलत नही.”

पितांबरनं हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली आणि उठून बाहेर आला.